पंप बंद करायचा नाही

मेहकर, ८ सप्टेंबर २०२५

दादा,

नमस्कार नंतर करते, आधी पंप चालू आहे का ते बघून ये. मग बस आणि पुढचं वाच.

राखीच्या दिवशी आपण फोनवर जे भांडलो, त्यानंतर आईनं फर्मान काढलंय की आपण दोघांनी फोनवर बोलायचंच नाही, काय सांगायचं ते लिहून सांगायचं. लिहिताना निदान एकमेकांचं बोलणं तोडता येत नाही, असं तिचं म्हणणं. बघू किती दिवस टिकतं. शेखरला बियाणं कंपनीच्या कामासाठी आठवड्यातून दोनदा खामगावला यावंच लागतं, त्यामुळे नवरा म्हणून नाही तरी पोस्टमन म्हणून तो कामी येईल.

आता नळीबद्दल. काल तिथं पंप लावताना तू पुन्हा पुन्हा विचारलंस आणि मी दरवेळी चिडले, म्हणून एकदाच नीट लिहिते. ती तपकिरी, केसासारखी बारीक नळी काचेचीच आहे, आतून पोकळ आहे आणि कड्यावर गुंडाळलेली आहे. उलगडली तर आपल्या मिलच्या फाटकापासून मागच्या गोदामापर्यंत जाईल. तिच्या आतल्या भिंतीला मला एक लेप द्यायचाय, सगळीकडे सारखा आणि डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. तो लेप मी स्वतः बनवलाय, त्यात माझी चार वर्षं गेली. तो चटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवायचा, त्यानं नळी गच्च भरायची, एक टोक बंद करायचं आणि दुसऱ्या टोकाला पंप लावून ओढत राहायचं. द्रव उडत उडत मागे सरकतो आणि लेप भिंतीला धरून राहतो. मध्ये एक बुडबुडा झाला की सगळं पिचकारीसारखं बाहेर येतं आणि नळी फेकून द्यावी लागते.

मेहकरात मी हे करून पाहिलं. दर खेपेला नेमकी अर्ध्यावर लाइट गेली. तुझ्या मिलमध्ये जनरेटर आहे, म्हणून तुझ्या दारात आले, नाहीतर तुझे टोमणे ऐकायची मला हौस नाही.

तू करायचं ते एवढंच की पंप बंद करायचा नाही. नळी ज्या कोमट पाण्यात ठेवली आहे त्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. हे मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय, तरी पुन्हा लिहिते.

माझी पीएचडीची नोंदणी ३१ डिसेंबरला संपते. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली, आता मिळत नाही. आतून धुऊन तयार केलेल्या नळ्या माझ्याकडे तीनच आहेत आणि त्यातली एक तुझ्या ऑफिसात पाण्यात बसली आहे. एवढं लक्षात ठेव.

सुचिता

*

खामगाव, ११ सप्टेंबर

चि. सुचिता,

अनेक आशीर्वाद. पंप चालू आहे, पण आता तो नुसताच चालू आहे.

काल दुपारपर्यंत सगळं तुझ्या कागदाप्रमाणे होतं. दिवा धरला की नळीतलं पाणी कुठवर मागे सरकलं ते दिसत होतं. मिलमधली पोरं त्याला ताईची सलाईन म्हणायला लागली आहेत. जेवून आलो तर सहदेव मिस्त्री दारातच उभा. म्हणाला, "भाऊ, ताईची सलाईन उलटून राह्यली."

मी म्हटलं, "तू हात लावला काय बे?"

"मी काऊन लावू? कागदावर लिहेल हाय ना. मी तं दारातूनच पाह्यलं."

मी आत जाऊन पाहिलं. नळीच्या तोंडातून थेंब थेंब बाहेर आलं होतं आणि पंपाच्या रबरी नळीत जमलं होतं. आम्ही दोघं तिथं उभे राहून कागद वाचत बसलो. बुडबुडा झाल्यावर काय करायचं हे तू कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

लाइट गेली नव्हती. पाण्याला कोणी शिवलं नाही. माझा दोष काढण्याआधी एवढं लिहून ठेवतो. आई विचारते, बाजारात तयार नळी मिळत नाही का? मलाही तोच प्रश्न पडला आहे, पण मी विचारला की तुला राग येतो.

ज्ञानेश्वर

*

मेहकर, १५ सप्टेंबर

दादा,

यावेळी दोष तुझा नाही. हे वाक्य कापून देव्हाऱ्यात ठेव, पुन्हा मिळणार नाही.

तुझ्या ऑफिसच्या भिंतीला लागूनच एक्सपेलर आहे. तो सरकी दाबायला लागला की टेबलावरचा पेला थरथरतो, हे लहानपणापासून पाहत आले आणि तरी नळी तिथंच मांडली! हादऱ्यानं बुडबुडा झाला असणार. नाहीतर बंद केलेल्या टोकात आधीच हवा राहिली असेल. म्हणजे एकतर मी मूर्ख आहे, नाहीतर आंधळी. कोणतं ते ठरवता येईना म्हणून दोन दिवस सगळ्यांवर ओरडत होते. शेखर म्हणाला, मी खामगावलाच राहतो.

आईला सांग, तयार नळी मिळते, पण तिच्यात लेप दुसऱ्याचा असतो. माझा प्रबंध माझ्या लेपावर आहे. घाणीच्या शुद्ध तेलात कोणी रिफाइंड मिसळलं तर साध्या तपासणीत ते लपून जातं. रिफाइंड करताना तेल फार तापवतात, त्यात काही घटक उलटे वळतात, आणि ते सरळ घटकांपासून वेगळे काढायचं काम माझा लेप करतो. निदान बाटलीत तरी करतो. नळीत अजून बसायचाच आहे. अमरावतीला माझे गाइड सर म्हणतात, "मॅडम, दुसरा विषय घ्यायला हवा होता." सहा वर्षांनी सांगतात.

आता मागच्या गोदामात मांडू, एक्सपेलरपासून लांब. यावेळी पाणी कमी गरम ठेवते, वेळ जास्त लागेल पण बुडबुड्याची भीती कमी. नवरात्रात कॉलेजला सुट्टी आहे, तेव्हा २९ तारखेला येते, सगळं लावून देते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते, कारण पेपर तपासायचे आहेत. तीन दिवस लागतील. पंप बंद करायचा नाही.

सुचिता

*

खामगाव, ३ ऑक्टोबर

चि. सुचिता,

दसऱ्याचे आशीर्वाद. शेखररावांच्या हाती सोनं पाठवलं आहे, आणि नळीही. द्रव पूर्ण उडाला, बुडबुडा झाला नाही, एक थेंब बाहेर आला नाही. सहदेवनं तिला जुन्या धोतरात गुंडाळून साडीच्या खोक्यात घातली आहे. आता तरी हस.

परवाची खंडेनवमी यंदा छान झाली. सकाळी सगळी मशिनं धुतली, पट्टे पुसले, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. बाबांचा मोठा पाना आणि तराजू नेहमीप्रमाणे मधोमध मांडला. सहदेव म्हणाला, "भाऊ, ताईच्या पंपाचं काय करायचं?"

मी म्हटलं, "तो काय परका हाय का बे? त्याले बी माळ घाल."

मग त्यालाही माळ घातली, नळीच्या भांड्यासमोर नारळ फोडला आणि इतर मशिनांबरोबर पंपालाही दिवसभर विश्रांती दिली. घाबरू नको, मी काही अडाणी नाही. पंप बंद करण्याआधी रबरी नळीला चिमटा लावून घट्ट केला, म्हणजे हवा आत जाणार नाही. संध्याकाळी आरती झाल्यावर चिमटा काढून चालू केला, पहिल्या फटक्यात लागला. पूजेत मांडलेलं हत्यार रुसत नाही, असं बाबा म्हणायचे.

आईनं तुझ्या नळीच्या नावानं तुझ्या वहिनीकडून पाच सवाष्णींची ओटी भरवून घेतली. आता तिच्यात काही कमी पडलं तर ते आमच्याकडून नाही.

ज्ञानेश्वर

*

मेहकर, ५ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मी उभ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर खाली बसले.

पंप बंद करायचा नाही हे मी तुला तोंडी सांगितलं, लिहून दिलं, भिंतीवर चिकटवलं. आता काय, तुझ्या हातावर गोंदवून घ्यायला हवं होतं? चिमटा लावलास, हवा आत गेली नाही, शाबास. पण आतली वाफ कुठे जाणार होती? पंप ओढत नाही म्हटल्यावर तिचा परत द्रव झाला. ज्या भिंतीवर लेप बसला होता तिच्यावरूनच तो वाहिला आणि झालेलं सगळं धुऊन काढलं. भिंगाखाली पाहिलं. कुठे थेंबांची रांग, कुठे नुसती कोरडी काच. माझी दुसरी नळी गेली, दादा. झेंडूची माळ घालून गेली.

आणि तू आनंदानं लिहितोस की बुडबुडा झाला नाही!

आता खरं बोलू का? तुला ही नळी व्हायलाच नको आहे. ती झाली की बाजारातली तेलं तपासली जाणार आणि पहिली बाटली आपल्या शेषराव ऑइल मिलच्या शेंगदाणा तेलाची असणार, हे तुला पक्कं ठाऊक आहे. तू हल्ली बाहेरून तेलाचे ड्रम घेऊन डबे भरतोस, हे मला वहिनीनं बोलता बोलता सांगितलंय. त्याचीच भीती आहे तुला. पूजेचं निमित्त बरं सापडलं. बाबांच्या पान्याशेजारी माझा पंप मांडताना तुला काहीच वाटलं नाही?

सुचिता

*

खामगाव, ८ ऑक्टोबर

सुचिता,

खंडेनवमीला आपल्या घरी हत्यार चालवत नाहीत. बाबा त्या दिवशी आईची विळीसुद्धा उचलून ठेवायचे आणि आपण आदल्या रात्री चिरलेली भाजी खायचो. तुझी कंपासपेटी तू स्वतः आणून पूजेत मांडायचीस आणि मी तिला हात लावला तर रडायचीस. दिवस मी निवडला नाही, तू निवडलास. कॉलेजची सुट्टी पाहिलीस, पंचांग पाहिलं नाहीस. मिलवाल्याची मुलगी आहेस आणि मिलची मशिनं वर्षातून कोणत्या दिवशी थांबतात हे तुला आठवू नये? २९ तारखेला मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, कागद दिलास आणि गेलीस.

चुकलं ते चुकलं. वाफेचं मला कळलं नाही. ते कळत असतं तर मीही प्रोफेसर झालो असतो.

राहिली माझी भीती. या पत्राबरोबर एक बाटली आहे. फल्लीचं तेल आहे, याच आठवड्यात भरलेल्या डब्यातलं, शेखररावांच्या समोर काढलं आहे. ड्रम रंगरावकाकांकडून घेतो. आपल्याकडे घाणीला फल्ली पुरत नाही म्हणून घेतो, आणि बाबांचे मित्र आहेत म्हणून त्यांच्याकडूनच घेतो. बुचावर लाख लावली आहे. तुझी नळी जेव्हा होईल तेव्हा पहिली हीच घाल.

तुझं सामान गोदामात आहे. त्याला कोणी हात लावणार नाही. मीही नाही.

ज्ञानेश्वर

*

खामगाव, २५ ऑक्टोबर

सुचिताताई,

मी रुख्मिणी. मला पत्र लिहायची सवय नाही, पण या घरात सध्या फोनपेक्षा कागदच जास्त चालतो, म्हणून लिहिते.

तुम्ही भाऊबीजेला आल्या नाही. तुमच्या दादानं सकाळीच आंघोळ करून पाट मांडला. मी म्हटलं, त्या येणार नाहीत असं शेखरराव बोलले. तर म्हणे, "मले काय सांगून राह्यली? पाट मांडायचा असतो." दुपारी आईनं विचारलं, तर स्वतःच पाट उचलून भिंतीला लावला आणि मिलमध्ये निघून गेले. त्या दिवशी मिल बंद होती, तिथं काय केलं देव जाणे.

तुम्ही काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण ते पत्र त्यांच्या खिशात आहे आणि शर्ट धुवायला टाकताना ते दुसऱ्या शर्टात ठेवतात. ड्रमची गोष्ट मीच बोलले होते, मला काय माहीत तुम्ही ती बांबूसारखी उचलून मारणार. राग तुमचा दोघांचा आणि फराळाचे डबे संपवून राहिली मी.

आई म्हणतात, लिहून भांडायला सांगितलं हे माझंच चुकलं. फोनवरचं भांडण हवेत विरून जातं, हे घडी घालून खिशात राहतं.

तुमची एक नळी अजून बाकी आहे ना? मग या.

रुख्मिणी

*

मेहकर, २९ ऑक्टोबर

दादा,

पाच कागद फाडले. हा सहावा आहे, जसा होईल तसा पाठवते.

भीतीचं वाक्य मी लिहायला नको होतं. मला तेव्हा कोणाला तरी मारायचं होतं आणि हाताशी तू होतास. तू तसा नाहीस हे लिहितानाही माहीत होतं, तरी लिहिलं. खंडेनवमीचंही तुझंच खरं. मी पंचांग पाहिलं नाही. कंपासपेटीचं वाचून शेखरसमोर रडले आणि वर त्यालाच म्हणाले, तू जा बाहेर.

पण राग गेलेला नाही, हेही लिहून ठेवते. तुझ्यावरचा नाही. कोणावरचा ते कळत नाही. सहा वर्षं मी एका केसाएवढ्या भोकात डोकं घालून बसले आहे. वर्गात शिकवताना, पोळ्या लाटताना, पेपर तपासताना मनात तेच. बरोबरीच्या मैत्रिणी सरळसोट विषय घेऊन कधीच डॉक्टर झाल्या. मला वाटायचं, आपल्याला काहीतरी खरं करायचंय. आता वाटतं, खरं करायची ऐपत नव्हती, नुसता ताठा होता.

शेवटची नळी आहे. ही गेली तर प्रबंध नाही, आणि नवी नळी मागवून तयार करेपर्यंत मार्च उजाडेल. मेहकरात जमणार नाही. येऊ का?

सुचिता

*

खामगाव, १ नोव्हेंबर

चि. सुचिता,

आशीर्वाद. ये.

कपाशीचा हंगाम सुरू झाला आहे, मिलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तरी गोदाम रिकामं करून ठेवतो. यावेळी जायचं नाही. कॉलेजला रजा टाक, गोदामात खाट टाकून देतो. नळी तुझी आहे, राखण तू कर, मी फक्त डबा पाठवीन. पंचांग मी पाहिलं आहे, पंधरा तारखेपासून चार दिवस कोणताही सण नाही.

ज्ञानेश्वर

*

खामगाव, २१ नोव्हेंबर

सुचिताताई,

नळी घेऊन तुम्ही इतक्या घाईनं अमरावतीला गेल्या की बोलायचं राहून गेलं. तुमच्या दादानं मला शपथ घातली होती, पण शपथ फक्त तुम्ही इथं होत्या तोवर सांगू नको अशी होती, म्हणून आता सांगते.

तुम्ही गोदामात होत्या तेव्हा तुम्हाला एक्सपेलरचा आवाज आला नाही ना? तुम्ही म्हणाल्या, गोदाम लांब आहे म्हणून ऐकू येत नाही. ताई, तो चालूच नव्हता. तुम्ही पंप लावला त्या संध्याकाळी त्यांनी मिल थांबवली आणि नळी निघेपर्यंत चालू केली नाही. फाटकाबाहेर सरकीच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांना म्हणाले, शाफ्ट तुटला. सहदेवला नुसताच एक शाफ्ट खोलून अंगणात ठेवायला लावला. लोक येऊन बघून जात होते. दोन व्यापारी गाड्या वळवून दुसऱ्या मिलला गेले, ते अजून परत आले नाहीत. बाजारात बोलतात की शेषरावची मिल आता पोराच्यानं चालत नाही.

मी म्हटलं, असं काऊन केलं? तर म्हणाले, "मागच्या वेळी तिचा पंप मी थांबवला. आता माह्यं मशीन थांबू दे."

तुम्ही त्यांना हे बोलू नका. पण तुम्हाला माहीत असायला हवं.

रुख्मिणी

*

अमरावती, २६ नोव्हेंबर

दादा,

नळी झाली.

तीन दिवस तेल तपासायच्या यंत्रात हळूहळू तापवली, एकदम तापवली असती तर लेप फाटला असता. मग चाचणीचं मिश्रण सोडलं. आलेखाच्या कागदावर घटकांची शिखरं आली, एकेक सुटी, टोकदार, एकमेकांपासून अंग चोरून उभी. सर मागे उभे होते. म्हणाले, "पुन्हा एकदा लावा बरं." पुन्हा लावलं, पुन्हा तेच. विषय बदला असं मग ते म्हणाले नाहीत.

वहिनीनं मला सांगितलं आहे. तिला रागावू नको, मलाच रागव. कोणी सांगितलं होतं तुला मिल थांबवायला? मी सांगितलं असतं का कधी? मी तिथं खाटेवर पडून तुझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवत होते आणि तू फाटकाबाहेर लोकांचं ऐकून घेत होतास. मला तुझा इतका राग आलाय, दादा, की भेटशील तेव्हा मी तुझ्या पाया पडेन आणि मग भांडेन.

आता पुढचं. हे लिहायला मी तीन दिवस लावले.

तुझी बाटली पहिली घातली, तू सांगितलंस तशी. लाख सरांच्या समोर फोडली. मला खात्री होती की ती शुद्ध निघेल आणि माझं तोंड कायमचं बंद होईल. तसं झालं नाही. त्यात रिफाइंड आहे. थोडंथोडकं नाही. चार वेळा लावून पाहिलं, नळीत दोष असेल, माझ्या हातात दोष असेल असं मनाला सांगत राहिले. मग आईच्या स्वयंपाकघरातून आणलेलं आपल्याच घाणीचं तेल घातलं, ते एकदम स्वच्छ आलं. म्हणजे दोष ड्रममध्ये आहे.

तुला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे. प्रबंधात सगळ्या बाटल्यांना आकडेच असतात, तुझ्या बाटलीला 'नमुना ७' म्हणेन. कोणाला कळणार नाही. तू फक्त उद्यापासून ते ड्रम घेणं बंद कर.

सुचिता

*

खामगाव, १० डिसेंबर

चि. सुचिता,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, कारण डबे गोळा करत होतो.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी रंगरावकाकांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. मी सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, "ज्ञानेश्वर, आता सारेच टाकतात. तुले आजच समजलं का?"

मी म्हटलं, "काका, डब्यावर बाबाचं नाव हाय."

"नावानं तेल शुद्ध होते काय बे?" असं बोलून ते हसले. मी चहा तसाच ठेवून उठलो. बाबांच्या तेराव्याला हा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होता.

तेव्हापासून सहदेव आणि मी दुकान दुकान फिरून आपले डबे परत घेत आहोत. ज्यांनी फोडले त्यांना आपल्या घाणीचं तेल बदलून देतो. काही बाया तोंडावर भेसळवाले म्हणाल्या. एक म्हातारी म्हणाली, मले तं काही फरक लागला नव्हता, तुह्यंच डोकं फिरलं. कोणतं जास्त लागलं ते सांगता येत नाही. एका दुकानदारानं विचारलं, कोणी छापा घातला का? मी म्हटलं, बहिणीनं. त्याला ती थट्टा वाटली. दिवसभर हेच बोलून बोलून माझा घसा बसला आहे आणि रात्री झोप लागत नाही. तू सहा वर्षं जे करत होतीस ते मला पंधरा दिवसांत कळलं.

आता तुझ्या नमुना सातबद्दल. असलं काही करू नको. तू मला ऑक्टोबरात लिहिलं होतंस की पहिल्या बाटलीला मी भितो. ते पत्र मी आता खिशात ठेवत नाही, पण पाठ झालं आहे. आता तूच आकड्याखाली झाकणार असशील तर तू तेव्हा बोललीस ते खरं ठरतं. नाव लिही. शेषराव ऑइल मिल, खामगाव, असं पूर्ण लिही. तेल कोणत्या महिन्यातलं, ड्रम बाहेरचे, भेसळ निघाली, सगळं लिही. त्याखाली घाणीच्या तेलाचंही लिही, आणि डबे परत घेतले हेही. दुसऱ्यांची नावं नको लिहू, त्यांनी बाटल्या विश्वासानं दिल्या असतील. माझी परवानगी लागत असेल तर हे पत्र दाखव.

आईला सगळं सांगितलं. तिनं उठून बाबांच्या फोटोची काच पुसली.

ज्ञानेश्वर

*

अमरावती, २३ डिसेंबर

दादा,

आज प्रबंध दिला.

त्याआधी सर शेवटचं वाचायला बसले होते, लाल पेन घेऊन. तेलांच्या तक्त्याशी थांबले. म्हणाले, "मॅडम, नमुना एक, दोन, तीन, आणि मध्येच शेषराव ऑइल मिल, खामगाव? अशी नावं देत नाहीत हो. उद्या तो मालक आपल्यावर दावा लावेल. काढून टाका."

मी म्हणाले, "काढते सर, पण मालकांना तुम्ही कळवा. माझी हिंमत नाही."

त्यांना तुझं पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण?"

मोठा भाऊ, असं सांगितलं आणि मला रडू आलं. सहा वर्षांत त्यांच्यासमोर कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, नळ्या वाया गेल्या तेव्हाही नाही. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, पहिल्या पानावर सही केली आणि प्रबंध माझ्याकडे सरकवला.

नाव तसंच राहिलं आहे.

सुचिता